मांसमाशीच्या कुळाची मांडणी

मांसमाशी घरमाशीहून थोराड, करडी. छातीवर तीन काळे उभे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट. मादी बहुधा अंडी न घालता मांसावर, मेलेल्या प्राण्यावर थेट जिवंत अळ्याच सोडते.

लिनियसने १७५८ साली युरोपातल्या जातीला घरमाशीच्याच ‘मुस्का’ प्रजातीत बसवले. मायगेनने पुढे ‘सार्कोफॅगा’ वेगळी काढली, पण खरा पेच जातींचा होता. वरवर सगळ्या सारख्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नराच्या जननेंद्रियांची रचना पाहून जाती ठरू लागल्या आणि जुनी कित्येक नावे निकालात निघाली. आज कुळात सुमारे ३००० जाती आणि तीन उपकुळे धरतात. त्यांत मिल्टोग्रामिनीचा धंदा अजब: बऱ्याच जाती गांधीलमाश्यांनी पिलांसाठी साठवलेल्या अन्नावर डल्ला मारतात. नावात मांस असले तरी सगळ्या मांसावर जगत नाहीत.

भारतीय जातींचा पाया सीनियर-व्हाइट यांनी १९२४ साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात घातला. २००२ साली बी. सी. नंदी यांचा या कुळावरचा खंड भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने काढला. संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्याजवळच्या कासारवाडीपासून लोकलने तिसऱ्या स्थानकावर, आकुर्डीत आहे. कासारवाडीच्या मटणाच्या दुकानातली माशी कोणत्या जातीची, हे मोबाइलवरच्या फोटोवरून सहसा ठरत नाही. नर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.