परदेशातला मृत्यू आणि घरी येणारा देह

परदेशी मरण पावलेल्याचा देह घरी कसा आणावा, आणि तो आणता आलाच नाही तर अंत्यविधी कशावर करावा, हा प्रश्न विमानांच्या फार आधीपासून भारतीयांपुढे होता. अग्निहोत्री परगावी मरण पावला तर त्याच्या अस्थी आणाव्यात आणि त्याही मिळाल्या नाहीत तर पळसाचे 360 देठ मांडून त्याची आकृती करावी व तिला अग्नी द्यावा, अशी सोय ऐतरेय ब्राह्मणात सांगितली आहे. रामायणात भरत आजोळाहून परतेपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवलेला आहे. देह टिकवणे, अस्थी आणणे आणि प्रतीकावर भागवणे हे तिन्ही मार्ग असे जुनेच. पुढच्या काळात यांपैकी कोणता मार्ग कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र घरच्यांच्या इच्छेपेक्षा परक्या देशाचा कायदा, प्रवासाचे दिवस आणि गाठीचा पैसा यांवरच अधिक ठरत गेले.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जेमतेम विशीतले हे छत्रपती 1870 मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. सुवेझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता, तरी मुंबई आठवड्यांच्या अंतरावर होती. देह घरी नेणे व्यवहार्य नव्हते आणि तिथे दहन करावे तर शहराला ती रीतच अनोळखी. इटलीतच मिलानचे दाहगृहसुद्धा त्यानंतर, 1876 मध्ये उभे राहिले. अखेर खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्किने उद्यानाच्या टोकाला, चिता रचली गेली. परमुलखात संगमाची जागा मिळाली, ही सोबतच्या मंडळींना त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट वाटली असणार. तिथे 1874 मध्ये छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. जवळचा आधुनिक पूलही त्या भारतीयाच्या नावाने ओळखला जातो.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. घर कोणते, याचे उत्तर नेहमी जन्मगावच असते असे नाही.

रोहिणीतून रासायनिक द्रव भरून देह टिकवण्याची युरोपीय पद्धत, म्हणजे एम्बामिंग, रुळल्यावर समुद्रमार्गे देह आणणे शक्य झाले. अर्थात ज्यांच्यामागे पैसा किंवा पक्ष होता त्यांनाच. स्वातंत्र्यलढ्यातील नेते विठ्ठलभाई पटेल 22 ऑक्टोबर 1933 रोजी जिनेव्हाजवळ वारले. त्यांचा देह बोटीने मुंबईला आणून 10 नोव्हेंबरला दहन झाले. धाकटे भाऊ वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. सरकारने घातलेल्या अटी मान्य करून सुटका घेण्यास त्यांनी नकार दिला आणि भावाचे अंत्यदर्शन त्यांना घडले नाही.

सामान्य सैनिकांसाठी असे काही नव्हते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याने मृत सैनिकांचे देह मायदेशी न नेण्याचे धोरण ठेवले. इंग्लंडमधील ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या 53 हिंदू व शीख सैनिकांचे दहन जवळच्या टेकड्यांवर झाले. त्या जागी 1921 मध्ये छत्रीचे अनावरण झाले. ब्रिटनमध्ये फाशी गेलेल्यांचे देह तर तुरुंगाच्या आवारातच पुरले जात. क्रांतिकारक मदनलाल धिंग्रा यांना 1909 मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली. त्यांचे अवशेष 1976 मध्ये भारतात आले. त्याच तुरुंगात फाशी गेलेल्या उधमसिंगांचे अवशेष 1974 मध्ये आले होते. 1930 मध्ये वारलेले क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या अस्थींना जिनेव्हाहून येण्यासाठी 2003 उजाडावे लागले.

देहाच्या वाहतुकीचे नियम युरोपात 1937 च्या बर्लिन करारात लिहिले गेले. देहासोबत स्वतंत्र परवाना हवा, शवपेटी द्रव झिरपू न देणारी हवी आणि तिच्या तळाशी पीट, लाकडाचा भुसा किंवा कोळशाची पूड असा सुमारे पाच सेंटिमीटरचा शोषक थर हवा, इतके ते बारीक होते. जस्ताचा पत्रा लावलेली बंद पेटी विमानांच्या काळातही टिकली.

1970 नंतर आखाती देशांत गेलेल्या कामगारांमुळे हा नेत्यांचा आणि श्रीमंतांचा प्रश्न राहिला नाही. सौदी अरेबियात दहनाला परवानगी नाही. त्यामुळे तिथे वारलेल्या हिंदूचे दहन करायचे तर देह परत आणण्यावाचून गत्यंतर नसते. मुसलमान कुटुंबे लवकर दफन करण्याच्या रीतीप्रमाणे पुष्कळदा तिथेच माती देतात. देह आणायचा तर मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंगचे प्रमाणपत्र आणि भारतीय दूतावासाचे ना हरकत प्रमाणपत्र जमवावे लागते. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर तपास संपेपर्यंत देह शवागारातच राहतो. मालकाने हात वर केले तर खर्चाचाही प्रश्न उभा राहतो. त्यासाठी 2009 मध्ये दूतावासांमार्फत चालणारा भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. संयुक्त अरब अमिरातीतून एअर इंडिया देहाचे भाडे वजनावर घेत असे. माणसाला मालासारखे काट्यावर चढवण्याची ही रीत अनेक वर्षे टीकेचा विषय होती. जानेवारी 2019 मध्ये प्रौढांसाठी 1,500 आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी 750 दिरहॅम असे ठरावीक भाडे लागू झाले.

कोविडच्या काळात हीही व्यवस्था कोलमडली. एप्रिल 2020 मध्ये अबू धाबीहून दिल्लीला पोचलेले तीन देह विमानतळावरूनच परत पाठवले गेले. आरडाओरड झाल्यावर दोन दिवसांत केंद्राने नियम स्पष्ट केले. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देह आणण्याच्या परवानगीसाठी ‘ई-केअर’ हे पोर्टल सुरू केले.

अस्थी आणणे या सगळ्याहून सोपे. एम्बामिंग लागत नाही, जड पेटी लागत नाही. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि दूतावासाची कागदपत्रे असली की कलश सोबत नेता येतो. म्हणून जिथे दहनाची सोय आहे अशा अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांतील अनेक मराठी कुटुंबे तिथेच अंत्यसंस्कार करतात आणि अस्थी मागाहून, सवडीने, नाशिकच्या रामकुंडात किंवा गावच्या नदीत विसर्जित करतात.