शोलावरम
चेन्नईच्या उत्तरेस असलेली जुनी हवाई धावपट्टी. भारतीय मोटार शर्यतींचे एके काळचे पंढरपूर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ही धावपट्टी पुढे विनावापर पडून होती. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवल्या. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला मार्ग तेव्हा देशात जवळपास नव्हताच, त्यामुळे रिकाम्या धावपट्ट्यांवर भागवावे लागे. कोलकात्याजवळच्या बराकपूरलाही तोच प्रकार.

इथला मार्ग इंग्रजी टी अक्षरासारखा होता. लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला एकदम काटकोनी वळण! म्हणजे वेग सुसाट, पण खरी परीक्षा ब्रेकची. संस्थानिकांच्या परदेशी गाड्यांसोबतच घरगुती गॅरेजमध्ये फेरफार केलेल्या फियाट आणि अँबेसेडरही इथे धावत. विजय मल्ल्या यांनी पुढे इथे एन्साइन बनावटीची फॉर्म्युला वन गाडी पळवली. प्रेक्षक मात्र गाडीइतकेच चालकाच्या हिकमतीवर खूश असत.

1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगाट्टुकोट्टई येथे क्लबचा 3.7 किमी लांबीचा कायमस्वरूपी मार्ग सुरू झाला आणि शोलावरमचे महत्त्व ओसरले. एस. करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर घडवलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्यांमुळे बेताच्या खर्चात शर्यतीत उतरणे नवोदितांना जमू लागले. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. 2011 मध्ये ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर भारतीय ग्रां प्री झाली खरी, पण ती तीनच वर्षे टिकली.