युनिमॅटची दुरुस्ती आणि फेरफार

'कातीव' हा शब्द आज आपण बहुधा रेखीव नाकाडोळ्यांच्या वर्णनासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र यंत्रावर फिरवून, हत्याराने उतरवून गोल केलेला, असा आहे. आणि हे काम करणारा तो कातारी. गुजरातेत त्यालाच खरादी म्हणतात. आम्हां वडोदरेकरांना ही कला पुस्तकातून शिकावी लागली नाही. संखेड्याचे लाखेच्या रंगांनी नटलेले पाळणे आणि झोपाळे इथल्या कितीतरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लाकूड फिरत राहते आणि हत्यार एका जागी टेकलेले असते, एवढेच या कलेचे मूलतत्त्व. लाकडाच्या जागी लोखंड आले, पायाच्या जागी मोटर आली, तरी तत्त्व बदलले नाही. 'लेथ' हा शब्द आता मराठीत रुळला असल्याने पुढे आम्ही तोच वापरतो.

लेथ म्हटले की कारखाना डोळ्यांपुढे येतो. परंतु केवळ आवडीखातर घरी लेथ चालवण्याची परंपरा कारखान्यांहून जुनी आहे. कातकामावरचा एक प्रसिद्ध आद्य ग्रंथ फ्रान्समध्ये १७०१ साली प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता शार्ल प्लुमिए हा ख्रिस्ती संन्यासी असून मोठा वनस्पतिशास्त्रज्ञही होता. आपल्या देवळांच्या आवारात फुलणाऱ्या पांढऱ्या चाफ्याचे 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव त्याच्याच नावावरून पडले आहे. रशियाचा झार पीटर स्वतः लेथवर काम करीत असे. आंद्रेई नार्तोव हा त्याच्या पदरचा यंत्रकार, आणि त्याने बांधलेले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. हस्तिदंताच्या डब्या आणि शोभेच्या वस्तू घडवणे हा तेव्हा राजेरजवाड्यांचा छंद होता.

१८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लीने हत्यार पकडणारी सरकती बैठक, लांब आट्याचा दांडा आणि दातेरी चाके यांचा मेळ घालून अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला. तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपलेला आहे. पुढच्या शंभर वर्षांत लेथ राजवाड्यातून कारखान्यात गेला, आणि शतक संपता संपता सामान्य माणसाच्या घरी परतला. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनला 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले. दिवसा कचेरीत बसणारे कारकून आणि शाळामास्तर रात्री घराच्या मागच्या खोलीत वाफेच्या इंजिनाच्या लहान प्रतिकृती घडवू लागले. त्यांच्यासाठी गिल्डफर्डच्या ड्रमंड बंधूंनी आणि पुढे बीस्टनच्या मायफर्ड कंपनीने स्वस्त व आटोपशीर लेथ काढले. तरीही अशा यंत्राला एखादे भक्कम बाक आणि स्वतंत्र कोपरा लागेच.

ही अडचण ओळखली ती ऑस्ट्रियातल्या एका कंपनीने. साल्झबर्गजवळ साल्झाख नदीकाठी हालाइन नावाचे गाव आहे. मिठाच्या प्राचीन खाणींसाठी ते प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात होता. ही स्थिती १९५५ पर्यंत टिकली. अशा पडत्या काळात, १९४७ साली, हालाइनमध्ये मायर आणि कंपनी, म्हणजे पुढची 'एम्को', स्थापन झाली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिने 'युनिमॅट' हा चिमुकला लेथ बाजारात आणला. लाकडी पेटीत मावणारा, जेवणाच्या टेबलावर मांडता येणारा आणि काम झाले की पुन्हा पेटीत जाणारा. लहान घरांत राहणाऱ्या युद्धोत्तर युरोपला तो मानवला, आणि लवकरच अमेरिकेतही त्याचा प्रसार झाला.

या यंत्राची रचना ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न कळणार नाही. मोठ्या लेथचा पाया बिडाचा, घासून सपाट केलेला असतो. युनिमॅटला त्याऐवजी सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या दोन गोल पोलादी कांबी आहेत; त्यांवरून सॅडल सरकते. चक बसवण्याच्या स्पिंडलच्या तोंडाला १२ मिलिमीटरचे बारीक आटे आहेत. केंद्राची उंची अवघी ३६ मिलिमीटर. पण खरी करामत पुढेच आहे. हेडस्टॉक मोटरीसकट काढून उभ्या खांबावर चढवला की त्याच लेथचे भोके पाडण्याचे यंत्र होते. जोडसाहित्य घेतले तर त्यावर करवत चालते, पॉलिश होते, लहानसे मिलिंगही होते. आटे पाडण्यासाठी मात्र या यंत्राने मॉडस्लीच्याही मागे जाऊन जुन्या छांदिष्टांची रीत उचलली: स्पिंडलबरोबर फिरणाऱ्या नमुन्याच्या आट्यावर एक बोट टेकवायचे आणि त्याच्या चालीने हत्यार चालवायचे.

यंत्राचे दोषही त्याच्या गुणांतूनच आले. बारीक कांबी मध्यभागी दबतात, त्यामुळे जाड काप घेतला की काम थरथरते. मोटर लहान, ती सलग फार वेळ चालवायची नसते, नाहीतर तापते. वेग फार, आणि मंद गतीची सोय अपुरी. रबरी पट्टे काही वर्षांत वाळून तुटतात. म्हणून युनिमॅट घेणारा प्रत्येक माणूस लवकरच त्यात काहीतरी बदल करू लागला. कोणी शिलाई यंत्राची मोटर बसवली, कोणी हाताने फिरवायचा दांडा केला, कोणी शून्यावर आणता येणाऱ्या तबकड्या लावल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने 'युनिमॅट ३' हे नवे रूप काढले. त्यात कांबी जाऊन बिडाचा पाया आला आणि स्पिंडलचे आटे १४ मिलिमीटरचे झाले. जुन्याचा चक नव्याला परस्पर बसेना. त्यासाठी जोडतुकडे करावे लागले. म्हणजे फेरफार मालकांनी केले तसे कंपनीनेही केले.

आपल्याकडे हा छंद का रुजला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. यंत्रविद्येची आस्था कमी होती असे मुळीच नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली वडोदऱ्यात कलाभवन काढले. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगपरिवाराने १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना उभारला. परंतु हे सारे लेथ कारखान्यांसाठी होते. विदेशी छंदयंत्रे स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यांच्या काळात सहजी मिळत नसत. आणि नाक्यावरचा टर्नर चार रुपयांत काम करून देत असता घरी लेथ कशाला, हा व्यवहारही होताच. त्यामुळे जे थोडे युनिमॅट इकडे आले, ते परदेशी प्रशिक्षणाला गेलेल्यांच्या सामानातून. असा एक आमच्या पाहण्यात आला, आणि त्यावरून उठलेला वाद हेच प्रस्तुत लेखाचे निमित्त.

आमच्या शेजारच्या एका वडीलधाऱ्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीतून येताना हा लेथ आणला होता. त्यांच्या पश्चात पेटी माळ्यावर राहिली. घर आवरताना ती भंगारवाल्याच्या तराजूपर्यंत पोहोचली होती. काकूंनी अडवली म्हणून वाचली. थोरल्या चिरंजीवांचे मत पडले की, यंत्र कारखान्यातून निघाले तसे करावे: परदेशातून मूळ मोटर मागवावी, मूळ रंग द्यावा आणि काचेच्या कपाटात ठेवावे. धाकट्यांचे म्हणणे, वस्तू वापरात हवी. कांबी काढून १६ मिलिमीटरच्या घालाव्यात. काकू आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर लोकांचे वाद ऐकलेत, आता हा एक ऐका."

पेटी उघडली तेव्हा तिसराच पक्ष पुढे आला. मूळ मोटर जळाल्यामुळे अभियंत्यांनी शिलाई यंत्राची मोटर बसवली होती आणि जळालेली मोटर कागदात गुंडाळून पेटीतच ठेवली होती. स्पिंडलच्या मागच्या टोकाला त्यांनी पितळी हातदांडा केला होता. कांबी दबू नयेत म्हणून त्यांच्याखाली शिसवीचा एक ठोकळा नेमक्या मापाचा बसवला होता. आणि शाळेच्या एका वहीत प्रत्येक बदल तारीखवार लिहिलेला होता. काय केले, का केले आणि मूळ भाग कुठे ठेवला आहे.

आता पाहा. थोरल्यांच्या मताप्रमाणे यंत्र 'मूळचे' केले असते, तर त्यांच्या वडिलांचीच चाळीस वर्षांची कारागिरी काढून टाकावी लागली असती. हालाइनचा कारखाना जपला गेला असता आणि घरचा माणूस पुसला गेला असता. धाकट्यांच्या मतात यंत्रशास्त्र बिनचूक होते. कांबेचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ च्या जागी १६ मिलिमीटर घेतल्यास तो तिपटीहून अधिक होतो. पण त्यासाठी पाया, सॅडल आणि टेलस्टॉक या तिन्हींची भोके मोठी करावी लागतात, आणि एकदा मोठे केलेले भोक लहान होत नाही.

आमची नोकरी महसूल खात्यात गेली. जमिनीच्या हक्कनोंदीत जुना कब्जेदार गेला म्हणून त्याचे नाव खोडून काढीत नाहीत. ते कंसात ठेवतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात आणि नवे नाव खाली येते. शंभर वर्षांनी वाद उठला तरी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे त्या कंसांवरून वाचता येते. अभियंत्यांनी आपल्या लेथवर नकळत हीच रीत पाळली होती. आम्ही तीच दोघा भावांपुढे मांडली: बदल खुशाल करावा, पण तो उलटवता आला पाहिजे, आणि त्याची नोंद राहिली पाहिजे.

त्याप्रमाणे काम झाले. सारे भाग रॉकेलने धुतले. पोलादी कांबींवरचा गंज तेल आणि मऊ पितळी ब्रशने काढला. एमरी पेपर लावला नाही, कारण त्याने कांब असमान झिजते आणि अडकून राहिलेली खर पुढे सॅडल खाते. युनिमॅटचे काही भाग जस्तमिश्र धातूचे ओतीव असतात, म्हणून कॉस्टिक सोड्याला दूर ठेवले; तो असा धातू खातो. बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरले. वाळलेल्या पट्ट्यांच्या जागी बाजारातल्या रबरी ओ-रिंग बसल्या. दोन तारांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन तारांची घातली. या एका बाबतीत जुन्याचा मुलाहिजा ठेवू नये. शिलाई यंत्राची मोटर, हातदांडा आणि शिसवीचा ठोकळा जागच्या जागी राहिले. रंग जिथे उडाला होता तिथे तसाच ठेवला. जाड कांबींचा बेत सोडून धारदार हत्यार आणि बारीक काप यांवर भागवायचे ठरले.

शेवटी परीक्षा घेतली. अॅल्युमिनियमची एक कांब चकमध्ये धरून ७५ मिलिमीटर लांबीवर हलका काप घेतला आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजला. फरक ०.०४ मिलिमीटर निघाला. युनिमॅटचा हेडस्टॉक तिरपा फिरवता येतो; तो किंचित सरकवून दुसरा काप घेतला तेव्हा फरक ०.०१ वर आला. थोरल्यांनी वहीत त्या दिवसाची तारीख घातली आणि दोन्ही आकडे लिहिले. त्या घरात आता नातू त्यावर पितळी भोवरे करतो, आणि काच लावलेले कपाट पुस्तकांसाठी वापरले जाते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी लेथ नसेल. पण आजोबांचे घड्याळ, पेटी, शिलाई यंत्र, टंकलेखन यंत्र असे काहीतरी खचित असेल. ते दुरुस्त करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. खोलण्याआधी छायाचित्रे घ्यावीत. स्क्रू निघतील त्या क्रमाने निरनिराळ्या डब्यांत, नाव लिहून ठेवावेत. काढलेला भाग कितीही निरुपयोगी वाटला तरी फेकू नये. आणि काय बदलले ते तारखेसह कागदावर लिहून वस्तूबरोबरच ठेवावे. आपण दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेली माणसे. इथल्या पाण्याने आपली भाषा, जेवण, सणवार यांत कितीतरी फेरफार झाले, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नाही. जुने नाव कंसात वाचता येते आहे, तोवर खाते आपलेच आहे.