परतीचे तिकीट

भवानीनगरला कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती ही रोजची कामे. अलीकडे त्यात पासपोर्टची भर पडली आहे. गेल्या वर्षी लग्नसराई सरता सरता सणसरकडचे एक नवे जोडपे आले. मुलाने विचारले, "काका, मॉरिशसला जायचंय. व्हिसा लागतो का?"

मी नियम पाहून सांगितले. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, राहण्याच्या जागेचा कागद, खर्चापुरते पैसे आणि निघण्यापूर्वी भरायचा प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म एवढे पुरते. शेवटी म्हणालो, "आणि परतीचं तिकीट आधी काढून ठेवा. तुम्ही परत जाणार आहात, याची त्यांना खात्री हवी असते."

वाक्य सहज तोंडून गेले आणि माझे मलाच खटकले. कारण त्याच बेटावर गेलेल्या दुसऱ्या माणसांचे कागद मी काही वर्षे वाचत होतो. त्यांच्या प्रवेशाची अट बरोबर उलटी होती.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. या विषयाकडे वळलो तो एका शब्दामुळे. माझी आजी साखरेला 'मोरस' म्हणायची. गूळ घरचा, साखर मोरस. कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेल्या मला वाटायचे, साखरेच्या एखाद्या प्रतीचे ते नाव असेल. पुढे कळले की मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटाची पांढरी दाणेदार साखर मुंबई बंदरात उतरू लागली आणि बेटाचे नावच मालाला चिकटले. गुजरातीतही साखरेला मोरसच म्हणतात. स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी परदेशी साखर टाकली, तीत ही मोरसही होती. शब्द मात्र आजीच्या तोंडी राहिला, आणि तोही अशा गावात, जिथली साखर घराच्या मागेच तयार होत होती.

ती साखर तिकडे पिकवली कोणी, या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले.

१८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून हे बेट घेतले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली आणि बेटावर उसाची लागवड झपाट्याने वाढली. राबणारे होते आफ्रिका आणि मादागास्कर इथून आणलेले गुलाम. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. मॉरिशसमध्ये हा दिवस आजही पाळला जातो.

या मजुरांनी अंगठा दिलेला करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'. बोलण्यात त्याचे 'गिरमिट' झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. दोन्ही शब्द इंग्रजीतूनच आले, पण वेगवेगळ्या वाटांनी. तरी त्या कराराची कलमे वाचताना मला सुताराचे गिरमिटच आठवत राहते.

आता प्रवेशाचे नियम. १८३७ च्या पाचव्या कायद्याने कलकत्त्याहून मजूर नेण्याची रीत ठरवली आणि त्याच वर्षी ती मद्रास व मुंबईलाही लागू झाली. जाणाऱ्या माणसाने आणि नेणाऱ्या दलालाने सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे. कामाचे स्वरूप, मुदत आणि पगार यांचा लेखी करार दाखवायचा. मुदत पाच वर्षांहून जास्त नसावी आणि ती संपल्यावर मजुराला निघाल्या बंदरात परत आणून सोडावे. म्हणजे सुरुवातीला परतीचा प्रवास करारातच होता. पुरुषाचा पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा.

कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षातल्या फसवणुकीचा इतका बोभाटा झाला की १८३९ मध्ये सरकारने ही निर्यात थांबवली. मळेवाल्यांच्या दबावापुढे ती बंदी तीन-चार वर्षेच टिकली. १८४२ च्या पंधराव्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसची वाट पुन्हा खुली झाली. जाणारा राजीखुशीने जातो आहे ना, हे विचारण्यासाठी 'प्रोटेक्टर' म्हणजे संरक्षक नेमला गेला. संरक्षकाचा प्रश्न, डॉक्टरची तपासणी, नोंदवहीत नाव, मग जहाज असा हा क्रम होता. व्हिसा हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण काम तेच होते.

मॉरिशसला गेलेल्या एकूण साडेचार लाखांच्या घरातल्या माणसांत मुंबई बंदरातून गेलेली दहा टक्क्यांहून कमी. बिहार आणि मद्रासकडचा ओघ फार मोठा होता. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसे जास्त, काही घाटावरची. १८६० च्या दशकानंतर मुंबईची वाट जवळजवळ बंदच झाली. कोकणाला तोवर मुंबईच्या गोदीचा आणि गिरण्यांचा आसरा मिळू लागला होता. म्हणून मॉरिशसची मराठी वस्ती लहान राहिली, पण जुनी. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्कावेल आणि वाकोआच्या बाजूला ती टिकून आहे. तिथल्या 'झाकरी' नाचात कोकणातली जाखडी ओळखू येते. हेन्रिएटा गावात १८९६ साली गणपती बसल्याचे सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

पोर्ट लुईच्या त्रू फांफारों भागात १८४९ पासून मजूर उतरवण्याचा तळ होता. त्यालाच आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. बंदरातून तळावर चढायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. जहाजावर रोगराई असली तर या पायऱ्याही लगेच नशिबी येत नसत. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतली माणसे पटकीच्या भीतीने गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर ठेवली गेली. पुरेसे पाणी नाही, निवारा नाही. दोनशेहून अधिक माणसे तिथेच मेली. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणे बंद ठेवले.

तळावर दोन-एक दिवस ठेवून माणसाची नोंद होई. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. कारकून ऐकू येईल तसे इंग्रजीत लिही. आडनावाचा रकाना नव्हता, त्यामुळे बापाचे किंवा आज्याचे नाव पुढे आडनाव होऊन बसले. रामजी, बाबाजी, लक्ष्मण ही तिकडच्या कुटुंबांची आडनावे होतात ती अशी. फॉर्म भरणारा माणूस म्हणून इथे मी थबकतो. एका अक्षराच्या चुकीने आधार आणि दाखला जुळत नाही म्हणून हेलपाटे घालणारी माणसे मी रोज पाहतो. तिकडे कारकुनाच्या एका ओढीत घराणेच बदलले.

आणि मुख्य मुद्दा परतीचा. मजूर पाच वर्षांनी परत गेला तर मळेवाल्याला नवा माणूस आणण्याचा खर्च पुन्हा पडे. म्हणून १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क काढून घेतला गेला. पाच रुपये पगाराच्या माणसाने जहाजाचे भाडे साठवायचे, आणि कामावर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. या 'डबल कट'चे धोरण परतीचा हक्क काढण्याशी जोडून वाचावे लागते. बंदी कुठेही लिहिलेली नव्हती, तरी बहुतेकांना परत येणे अशक्य झाले. १८५९ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक माणसे उतरली. १८६१ च्या शिरगणतीत बेटाची जवळजवळ दोन तृतीयांश वस्ती हिंदी होती.

करार संपवून बेटावरच राहिलेल्यांना 'जुने आप्रवासी' म्हणत. ते स्वतःची भाजी पिकवतील, फेरी करतील आणि मळ्याला माणूस मिळणार नाही, ही नवी भीती होती. १८६७ च्या एकतिसाव्या वटहुकमाने त्यांना फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ ठेवणे भाग पाडले. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवानगी. तिकीट हरवले तर दुसऱ्यासाठी जबर फी. कागद नसलेला माणूस भटका ठरे. पोलीस अशा 'भटक्यां'च्या शोधात धरपकड करत आणि त्यात कागद असलेलेही सापडत. सामान्य माणसाला ओळख पटवण्यासाठी फोटो सक्तीचा करण्याचे जगातले हे फार लवकरचे उदाहरण आहे. माझ्या दुकानात पांढऱ्या पडद्यापुढे मी जो फोटो काढतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

याविरुद्ध उभा राहिला तो एक युरोपियन मळेवाला, आदोल्फ द प्लेव्हिट्झ. १८७१ मध्ये त्याने ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला. मळेवाले इतके चिडले की त्याला बेटाबाहेर घालवा, असा उलट अर्ज त्यांनी केला. पण १८७२ मध्ये शाही आयोग आला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम फ्रियर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. १८७५ च्या त्यांच्या जाडजूड अहवालाने पास आणि धरपकडीचा कारभार उघडा पाडला आणि १८७८ मध्ये नवा कामगार कायदा आला.

गिरमिटाची पद्धतच मोडा, असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात मांडला तो आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ठराव फेटाळला गेला. मॉरिशसची गिरमिटे तोवर, १९१० मध्येच, थांबली होती. इतर वसाहतींसाठीची भरती १९१७ मध्ये बंद झाली.

हे सगळे भवानीनगरात बसून लिहिताना एक तुलना डोळ्यांपुढून हटत नाही. दर दिवाळीनंतर आमच्याकडे बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल, नवराबायकोचा मिळून एक 'कोयता', खाडा झाला तर कापला जाणारा पैसा. गिरमिटाच्या कलमांशी मिळतीजुळती ही कलमे आहेत. पण तुलना ताणू नये. यांच्या खिशात पोलिसाचा पास नसतो, यांना मत आहे, आणि पट्टा पडला की हे गावी परततात. फिटली नाही तर उचल मात्र पुढच्या हंगामावर जाते. माणूस मोकळा आहे की नाही, हे तो कसा आला यापेक्षा त्याला परत कसे जाता येते यावरून कळते, असे मला या वाचनातून वाटू लागले आहे.

म्हणून प्रवेशाच्या अटी मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. कोण हवा आणि किती काळ, हे त्यात लिहिलेले असते. १८५० च्या दशकातल्या मॉरिशसला परत न जाणारा माणूस हवा होता, म्हणून परतीचे भाडे काढून घेतले. आजच्या मॉरिशसला परत जाणारा माणूस हवा आहे, म्हणून परतीचे तिकीट आधी दाखवायचे.

गोष्टीला आणखी एक वळण आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला पाहुण्या म्हणून गेल्या, तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळेल, असे त्यांनी जाहीर केले. एरवी हा हक्क पणतवंडांपर्यंत पोचतो. हे कार्ड असले की भारतात येण्यासाठी दर वेळी व्हिसा लागत नाही. पण पूर्वज भारतातून आला होता, हे सिद्ध करावे लागते. त्याचा पुरावा मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्याच नोंदवह्यांत आहे. तिथून त्या नोंदीचा दाखला मिळतो. माणसाला बेटावर बांधून ठेवण्यासाठी लिहिलेला क्रमांक आज त्याच्या खापरपणतवंडाला इकडे येण्यासाठी कामी येतो. कारकुनाने ऐकू येईल तसे लिहिलेले रत्नागिरीकडचे एखादे गाव, चुकीच्या स्पेलिंगसह, एवढाच त्या घराचा भारतातला पत्ता.

ते जोडपे आठ दिवसांत परत आले. सहा-सात तासांचे विमान, गेले आणि आले. पेढे द्यायला आले तेव्हा मी विचारले, आप्रवासी घाट पाहिला का? वेळ मिळाला नाही, म्हणाले. मग मुलगी म्हणाली, "पण काका, हॉटेलातल्या एका बाईंनी आमचं बोलणं ऐकून विचारलं, मराठी का? त्यांची आजी घरात मराठी बोलायची म्हणे. आमचं गाव कुठलं, ते विचारत होत्या. मी त्यांना त्यांचं गाव विचारलं, तर म्हणाल्या, शोधतोय."