फुलराणी : बागेतल्या आगगाडीचा इतिहास

वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २३ एप्रिल १९५६ रोजी बसवली. त्याआधी पंधराच दिवस, ८ एप्रिलला, पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ धावू लागली होती. पहिली तारीख रेल्वेच्या इतिहासात असते, दुसरी पुणेकरांच्या आठवणींत. मी वाराणसीत शिकवतो, पण जवळून पाहिलेले माझे पहिले इंजिन फुलराणीचे. तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरावा. तरीही ही गाडी अभियांत्रिकीच्या इतिहासातून वगळावी असे मला वाटत नाही.

कारण गाडी लहान करता येते, प्रवासी लहान करता येत नाही. डब्याची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली की त्याचे वजन साधारण एक अष्टमांश होते. आत बसणारा माणूस मात्र तेवढाच राहतो. मग गुरुत्वमध्य वर सरकतो, रुळांतले अंतर कमी झालेले असते, आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते.

इंग्लंडमधल्या सर आर्थर हेवूड यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष रूळ टाकून सोडवला. त्यांचा नऊ इंच गेजचा पहिला प्रयोग माणसे वाहण्यास पुरेसा स्थिर ठरला नाही. म्हणून १८७४ पासून डफील्ड बँक येथे त्यांनी पंधरा इंचांचा, म्हणजे ३८१ मिलिमीटरचा, लोहमार्ग उभारला. गंमत अशी की त्यांच्या मनात करमणूक नव्हतीच. मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटीवर कोळसा, दगड, विटा वाहाव्यात आणि लष्करालाही उपयोग व्हावा, असा त्यांचा हिशेब होता. लष्कराने रस घेतला नाही. एक जमीनदार मिळाला, ईटन हॉलचा; तिथे १८९६ मध्ये गाडी सुरू झाली. पण हे गेज खरे रुजले ते सहलीच्या ठिकाणी. वेल्समधल्या ऱ्हिल गावी तळ्याभोवती १९११ मध्ये सुरू झालेली गाडी पंधरा इंचीच आहे.

फुलराणी या नावाने मराठी माणसाला बालकवींची कविता आठवते. ते बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. मुलांच्या गाडीला हे नाव देताना कुणाच्या मनात ते आले असेल का, असा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे १९९९ मध्ये कात्रजचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले, पेशवे पार्कातले प्राणी हळूहळू तिकडे गेले. फुलराणी मात्र राहिली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ‘वनराणी’चे नशीब वेगळे निघाले: मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात रुळांचे नुकसान झाले आणि गाडी बंद पडली. मार्ग लहान असला तरी खडी, स्लीपर, पाण्याचा निचरा यांतून सुटका नसते.

स्वाध्याय : जवळच्या बागेतल्या गाडीचे गेज मोजा (गाडी उभी असताना!), आणि प्रवासी बसल्यावर गुरुत्वमध्य रुळापासून किती उंच जातो याचा अंदाज काढा.