निर्घृण म्हणजे घृणा नसलेला?

'निर्घृण हत्या' हे शब्द बातम्यांत इतक्यांदा येतात की आपण त्यावर थांबतही नाही. पण शब्द फोडून बघा. निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्भय म्हणजे भय नसलेला. मग निर्घृण म्हणजे घृणा नसलेला? असा माणूस तर प्रेमळ असायला हवा! मी दिवसभर कोड वाचतो. असं काही विसंगत दिसलं की आधी जुनी आवृत्ती शोधायची, ही कामाची सवय.

जुनी आवृत्ती संस्कृतात सापडते. तिथे 'घृण' म्हणजे उष्णता. ज्या 'घर्म'पासून आपला 'घाम' आला, तोही याच घरातला. पुढे या उष्णतेची मनातली ऊब झाली आणि 'घृणा'ला दया हा अर्थ आला. महाभारताच्या उद्योगपर्वात द्रोण कर्णाला 'घृणी' म्हणतात, ते तो नको तिथे दयाळू होतो म्हणून. अमरकोशात करुणा, कृपा, अनुकंपा यांच्या रांगेत घृणा बसली आहे. ईश्वर क्रूर आहे का, या ब्रह्मसूत्रांतल्या चर्चेत क्रूरपणासाठी शब्द आहे 'नैर्घृण्य'.

पण हाच अमरकोश दुसरीकडे घृणेचे दोन अर्थ देतो: करुणा आणि जुगुप्सा. मराठीत घृणा म्हटलं की आज किळस किंवा तिरस्कारच आठवतो. दया उरली ती 'निर्घृण'मध्ये.

इतके उलटे अर्थ एका शब्दात कसे नांदले? मला वाटतं, उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. चिघळलेली जखम पाहून आपण म्हणतो, "बघवत नाही." हे किळसेने म्हटलं की कळवळ्याने? बहुतेक वेळा दोन्ही. पुढे पाय कुठे वळतात, यावर अर्थ ठरतो.

बाबा आमट्यांचे पाय दोन्हीकडे वळले होते. पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून पळाले, मग परत आले आणि त्याची शुश्रूषा केली. 1949मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळचं आनंदवन त्यातूनच उभं राहिलं.

म्हणून एखाद्याला मारहाण होतानाचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तुम्हाला तो बघवला नाही, तर त्यात कमकुवतपणा नाही. जुन्या अर्थाने ती घृणाच. ज्याला सगळंच बघवतं, त्याच्यासाठी 'निर्घृण' हा शब्द आहे.