कॉमर्सच्या पोरांना सांगणार कोण?

मंडळी, आमच्या सात रस्त्यावर कॉलेजप्रवेशाची गर्दी दरवर्षीचीच. संगमेश्वर कॉलेज इथलंच, १९५३ सालचं. कॉमर्सला आलेल्या पोराला कोणता विषय घ्यावा, पुढे काय करावं, हे सांगायचं कोणी?

मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघालं आणि व्यापाराचं शिक्षण कॉलेजात आलं. सोलापूरची कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग पुण्याकडे आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. अभ्यासक्रम तिकडे ठरायचा. सल्ला मात्र चाटी गल्लीतले दिवाणजी द्यायचे. "जमाखर्च शिक, उपाशी राहणार नाहीस." सल्ला खोटा नव्हता, पण वहीपाशी संपायचा. आमची जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेले. देशभरचे कायद्याचे विद्यार्थी ते खटले वाचतात. भोंगा ऐकत वाढलेल्या आमच्या पोरांना मात्र कंपनी कायदा हाही एक रस्ता आहे, हे कोणी सांगितलं?

२००४ मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. आता नव्या धोरणात मेजर, मायनर, क्रेडिट आलेत. निवड वाढली (चांगलंच झालं!), पण मागावर टॉवेल विणणाऱ्या बापाने त्यातलं काय समजून घ्यावं? प्रवेशाच्या खिडकीशेजारी एक टेबल हवं, एक जाणता प्राध्यापक हवा, आणि समोर दोन खुर्च्या. एक पोरासाठी, एक त्या बापासाठी.